आठवण वाटेत ठेवा : रोजच्या विसराळूपणावर सवयींचा उतारा

पदराला गाठ मारून बाजारात जाणाऱ्या बाईला काहीतरी आणायचे आहे एवढे नक्की आठवते. काय आणायचे ते मात्र कधीकधी गाठ सोडून पाहिली तरी आठवत नाही. या जुन्या उपायातली अर्धी गोष्ट अगदी बरोबर आहे. आठवण डोक्यात न कोंबता नजरेला पडेल, हाताला लागेल अशी बाहेर ठेवली. उरलेली अर्धी फसते, कारण गाठ सगळ्या कामांना सारखीच असते आणि नागपुरातल्या गोकुळपेठच्या बाजारात ती नेमकी कोणत्या दुकानासमोर दिसेल याचा नेम नसतो. खूण अशी हवी की काम करायच्या जागी, करायच्या क्षणी ती समोर यावी आणि काय करायचे तेही तिनेच सांगावे. पुढच्या सगळ्या युक्त्या याच एका गोष्टीच्या निरनिराळ्या घड्या आहेत.

विसराळू माणसाची स्मरणशक्ती बहुधा ठणठणीत असते. दहा वर्षांपूर्वीच्या लग्नातला मेनू त्याला पाठ असतो, पण पाच मिनिटांपूर्वी ठेवलेली किल्ली सापडत नाही. ठेवताना लक्ष दुसरीकडे होते. जे नोंदलेच गेले नाही ते आठवणार कुठून? म्हणून बदाम भिजत घालून हा प्रश्न सुटत नाही आणि ‘उद्यापासून नीट लक्ष ठेवीन’ या निश्चयाने तर मुळीच नाही. हात सवयीने चालतात आणि मन तेवढ्यात फिरायला जाते, तो हा प्रकार. मन फिरायला जाणारच. हातांना मात्र असे शिकवता येते की मन नसले तरी ते योग्य तेच करतील.

आधी आठवडाभर नुसती नोंद

फ्रिजवर एक कोरा कागद चिकटवा आणि पेन दोऱ्याने त्याला बांधून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी पेनच शोधावे लागेल. कागदावर तीन रकाने: काय विसरले, किती वाजता, आणि त्याच्या लगेच आधी काय चालले होते. सात दिवस फक्त लिहायचे, काहीही सुधारायचे नाही. तिसरा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण खरा माल त्यातच असतो. ‘चष्मा हरवला’ यावरून काही कळत नाही. ‘चष्मा हरवला, आधी फोनवर बोलत होते’ असे चारदा लिहिलेले दिसले की उपाय चष्म्याचा नसून फोनचा आहे हे समजते.

आठवड्याने कागद उतरवला की चुका तीन ढिगांत पडतात. पहिला ढीग ठेवण्याचा: वस्तू कुठेतरी टेकवली आणि टेकवल्याची नोंदच झाली नाही. दुसरा करायचे राहण्याचा: येताना औषध आणायचे होते, तसेच घरी आलो. तिसरा शेपटाचा: मुख्य काम झाले, पण मागचे छोटेसे आवरणे राहिले. गॅस चालू, नळ चालू, मूळ कागद झेरॉक्सच्या काचेखाली. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. किल्लीसाठी मोबाईलवर गजर लावणे किंवा औषधासाठी खुंटी ठोकणे, अशी अदलाबदल झाली की ‘मी सगळे करून पाहिले, काही उपयोग नाही’ हे वाक्य ऐकू येते.

वेळांवरही नजर टाका. बहुतेक घरांत अर्ध्याहून जास्त नोंदी दोन पट्ट्यांत सापडतील: सकाळी निघायच्या आधीचा तासभर आणि संध्याकाळी घरात शिरल्यानंतरची पंधरा मिनिटे. मेहनत तिथेच घालायची. दुपारच्या विसरण्याकडे सध्या काणाडोळा केला तरी चालेल.

किल्लीला घर

वस्तूला जागा असते हे सगळ्यांनाच माहीत असते. जागा चुकीची निवडली म्हणून ती टिकत नाही. शोभेच्या ठिकाणी लावलेला किल्ल्यांचा स्टँड बहुधा रिकामा असतो आणि किल्ली टीव्हीजवळ सापडते, कारण दारातून आत आल्यावर पाय टीव्हीकडे वळतात. म्हणून आधी दोन दिवस पाहा की आपण आल्यावर हात आपोआप कुठे रिकामा करतो. खुंटी तिथे, किंवा त्या वाटेवर त्याआधी.

मोजमाप असे. दाराच्या आत एक पाऊल टाकल्यावर, एका हातात भाजीची पिशवी असताना, दुसरा हात न ताणता पोचला पाहिजे. उंची घरातल्या सर्वांत ठेंगण्या मोठ्या माणसाच्या छातीइतकी. दाराला लोखंडी जाळी असेल तर बाहेरून हात किंवा काठी घालून किल्ली ओढता येणार नाही इतके अंतर हवे. मीटरभराहून कमी नको, शिवाय जाळीच्या सरळ समोर नको. एका जुडग्याला एकच खुंटी. दोन जुडगी एका खुंटीवर आली की वरचे काढताना खालचे पडते, मग ते ‘तात्पुरते’ टेबलावर जाते आणि तिथेच राहते.

खुंटीखाली एक उघडा ट्रे, साधारण वीतभर लांब आणि त्याहून थोडा अरुंद, काठ दोन बोटे उंच. झाकण नको, ड्रॉवर नको; दिसत नाही ते विसरते. मोठा ट्रेही नको. मोठ्या ट्रेत महिनाभरात विजेचे बिल, सुटे पैसे, रबरबँड, मेडिकलच्या पावत्या आणि एक अनोळखी स्क्रू जमतो, आणि पाकीट त्याखाली गाडले जाते. ट्रेमध्ये फक्त चार गोष्टींना प्रवेश: पाकीट, चष्मा, ऑफिसचे ओळखपत्र आणि मेट्रोचे कार्ड. रविवारी ट्रे उलटा करून झटकायचा.

आता क्रम. किल्ली आधी, पिशवी नंतर, चपला शेवटी. उलटे केले तर काय होते पाहा: पिशवी जड असते म्हणून आधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर जाते, किल्ली बोटात तशीच असते, ओट्यावर सांबार (म्हणजे कोथिंबीर) निवडायला घेतला की किल्ली खाली ठेवली जाते आणि वर सांबाराच्या काड्या पडतात. संध्याकाळी किल्ली ओल्या कचऱ्याच्या डब्यात सापडली तर त्यात नशिबाचा दोष नाही. पिशवी आधी ठेवावीशी वाटू नये म्हणून खुंटीखाली स्टूल ठेवा.

फोनवर बोलत घरात शिरायचे नाही. बोलणे बाहेर पायरीवर संपवा, किंवा ‘एक मिनिट धरा’ म्हणून किल्ली अडकवा आणि मग पुढे बोला. नोंदींच्या कागदावर हा एक नियम एकट्याने सर्वांत जास्त ओळी कमी करतो.

नवी जागा ठरल्यावर पहिल्या दिवशी कोरडी तालीम करा: बाहेर जा, कुलूप उघडा, आत या, किल्ली अडकवा, पुन्हा बाहेर. दहा वेळा, सलग. पाच-सात मिनिटे लागतात आणि शेजारी विचारतात काय झाले म्हणून. तरी करा. हाताला वळण लागायला एकदा समजावून सांगणे पुरत नाही, हात फिरवावाच लागतो.

किल्ली तरीही हरवलीच, तर शोधण्याचीही पद्धत आहे. घरभर धावत प्रत्येक जागी तीन-तीनदा डोकावण्याऐवजी एका जागी उभे राहा, आत आल्यापासूनची शेवटची तीन कामे क्रमाने म्हणा, आणि त्या तीन जागा हाताने चाचपा. नुसत्या डोळ्यांनी नाही. वर्तमानपत्राखाली, उशीखाली, धुवायच्या पँटच्या खिशात. डोक्यावरचा चष्मा शोधणाऱ्यासाठी आपल्याकडे काखेत कळसा तयारच आहे. सापडल्यावर घाईत तशीच घेऊन निघू नका. एकदा खुंटीला अडकवा, मग काढा. वेड्यासारखे वाटते, पण हाताला शेवटची आठवण खुंटीची राहिली पाहिजे.

स्कूटरवाल्यांचा घोटाळा वेगळा. डिक्की उघडली, दोन्ही हातांनी सामान ठेवायला किल्ली आत टेकवली, सीट दाबली, कट्ट. भर उन्हात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, हे झाले की बाजारचा सगळा उत्साह उतरतो. उपाय एकच: किल्लीच्या कडीला मनगटात जाईल एवढा पट्टा लावा आणि सीट उघडण्याआधी तो मनगटात घाला. किल्ली डिक्कीत ठेवायची परवानगीच नाही, क्षणभरसुद्धा नाही. दुसरी किल्ली ऑफिसच्या कपाटात किंवा जवळच्या नातेवाइकाकडे. डिक्कीत ठेवलेली दुसरी किल्ली म्हणजे विहिरीत ठेवलेला दोर.

दाराशी उभे राहून, मोठ्याने

रेल्वेच्या इंजिनात लोको पायलट आणि सहायक दोघेही समोरच्या सिग्नलकडे हात करतात आणि त्याचा रंग मोठ्याने पुकारतात. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, दोन्हींच्या विभागांची मुख्यालये असलेल्या नागपुरात ही सवय असलेली माणसे बऱ्याच मोहल्ल्यांत भेटतील. सिग्नल त्यांना दिसत नाही असे नाही. रोजच्या मार्गावर डोळे पाहतात आणि मन पाहत नाही, म्हणून बोट आणि तोंड दोघांनाही कामाला लावायचे. जपानच्या रेल्वे तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या १९९४ सालच्या चाचणीत साध्या कामात शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या. बोट दाखवून पुकारल्यावर त्या ०.३८ वर आल्या.

घरातून निघताना हेच करायचे, असे:

१. चपला घालून, दार उघडायच्या आधी थांबा. दार उघडल्यावर मन बाहेर गेलेले असते.

२. डोक्यापासून खाली हात लावत मोजा: चष्मा एक, बॅग दोन, डबा तीन, पाकीट चार, फोन पाच. पाचाहून जास्त वस्तू नकोत. जास्त असतील तर त्या आदल्या रात्रीच बॅगेत घाला. आकडा रोज तोच ठेवण्यात गंमत आहे. चारवर मोजणी संपली की काय राहिले ते शोधता येते. नुसते ‘सगळे घेतले ना?’ विचारले की मन ‘हो’ म्हणून मोकळे होते.

३. मागे वळून बोट दाखवा: गॅस, नळ, इस्त्री. इथे ‘बंद आहे’ असे म्हणायचे नाही, दिसते ते म्हणायचे: ‘बटन आडवे’, ‘प्लग बाहेर’. तुमच्या शेगडीचे बटन बंद असताना जसे दिसते तसे शब्द ठरवा. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हे शब्द बोलता येत नाहीत, म्हणून ते खरे.

४. कुलूप लावून एकदा ओढा आणि वार उच्चारा: ‘मंगळवार, कुलूप लागले.’

वार कशाला? अर्ध्या वाटेवर, समजा अजनी चौकात, ‘लावले की नाही?’ ही पाल चुकचुकते तेव्हा मनात कुलूप लावल्याची चित्रे हजार असतात, पण ती कोणत्या दिवसाची ते कळत नाही. वाराचे नाव त्या चित्रावर शिक्का मारते. हे एकदाच करायचे. दहा वेळा परत येऊन कुलूप ओढल्याशिवाय चैनच पडत नसेल तर तो विसराळूपणा नव्हे. तो वेगळा त्रास आहे, त्यावर चांगले उपचार आहेत आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञाकडे जावे.

तिसऱ्या पायरीवर घरात चालणारा नेहमीचा संवाद तपासा. ‘आई, गॅस बंद केला काय?’ ‘हो रे, केला.’ हे उत्तर आठवणीतून आलेले आहे, आणि आठवण कालचीही असू शकते. घरात ठरवून टाका की दाराशी ‘केला’ चालणार नाही, ‘पाहिला’ हवा. विचारणाऱ्यानेही ‘बंद केला काय?’ न म्हणता ‘एकदा पाहून सांग ना’ म्हणावे. संशय घेतल्यासारखे वाटत नाही आणि उत्तर डोळ्यांकडून येते.

शेपटाला गाठ

ज्यासाठी काम हाती घेतले ते साधले की मन हिशेब बंद करते. नंतरची आवरासावर त्याच्या हिशेबात नसते. बर्न आणि बोव्हेअर या संशोधकांनी १९९७ साली या चुकीचा अभ्यास मांडला आणि असे दाखवले की ती माहितीच्या अभावाने होत नाही. डोक्यावर भार जास्त असला की वाढते. त्यामुळे समजावून सांगणे इथे निष्फळ. कामाची रचनाच अशी बदलायची की शेपूट पूर्ण झाल्याशिवाय फळ हातात पडू नये. अनेक एटीएम आधी कार्ड परत देऊन मग नोटा देतात, त्यामागे हेच आहे: उलट असते तर लोक नोटा घेऊन कार्ड तिथेच सोडून जातील.

झेरॉक्सच्या दुकानात हे स्वतः करा. मूळ कागद देताना मोठ्याने मोजून द्या: ‘ओरिजिनल तीन.’ प्रती हातात आल्या तरी पैसे काढायचे नाहीत. तीन मूळ कागद मोजून फाईलमध्ये गेले की मगच पाकिटाला हात. पैसे देणे हा शेवट आहे असे मन धरून बसते, तर तो शेवट मुद्दाम मागे ढकलायचा. जात प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका काचेखाली राहून जाण्याचे नव्वद टक्के भय या एका क्रमाने संपते असे म्हटले तर आकडा हवेतला होईल, पण क्रम करून पाहा.

दुधाचे तसेच. गंजात (पातेल्यात) दूध तापत ठेवून ‘आलेच दोन मिनिटांत’ म्हणत बाहेर गेलेल्या माणसाला दूध उतू गेल्याचा वास पहिल्यांदा बोलावतो. एकदा घड्याळ लावून पाहा की तुमच्या गॅसवर, तुमच्या गंजात, फ्रिजमधले लिटरभर दूध मध्यम आचेवर किती वेळात वर येते. त्यातून दोन मिनिटे वजा करा आणि तेवढाच टायमर लावा, नेहमी तीच आच, तेच भांडे. टायमर ओट्यावर ठेवायचा नाही, तुमच्याबरोबर न्यायचा. टायमर नसेल तर सांडशी हातात घेऊन स्वयंपाकघराबाहेर पडा आणि ती खाली ठेवायची नाही. सांडशी हातात असताना कपड्यांच्या घड्या घालता येत नाहीत, फोन नीट धरता येत नाही. अडचण होते, तेच हवे आहे. शिट्टी देणारा दुहेरी भिंतीचा दुधाचा कुकर हा याहून बरा, फक्त त्याच्या भिंतीतले पाणी भरायला विसरू नका. तेही शेपूट आहेच.

आणि कूलर. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कूलरची टाकी दिवसातून दोनदाही भरावी लागते, आणि पाइप लावून विसरलेला नळ अर्धी खोली धुऊन काढतो. इथे हिशेब सोपा आहे. त्याच नळाखाली २० लिटरची बादली ठेवून वेळ घ्या. दोन मिनिटांत भरली तर ६० लिटरच्या टाकीला सहा मिनिटे लागतील. टाकी पूर्ण रिकामी क्वचितच असते, म्हणून टायमर चार मिनिटांचा. पुढे उभे राहून भरायचे. नळाचा दाब सकाळी आणि संध्याकाळी सारखा नसेल तर दोन्ही वेळा मोजा आणि आकडे स्केच पेनने कूलरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. उलट चूकही होते: टाकी कोरडी आणि पंप चालू, मग पंप जळतो. त्यावर पाणीपातळी दाखवणाऱ्या तरंगत्या गोळ्याकडे बोट दाखवून मगच पंपाचे बटन, हा क्रम ठरवा. कूलरला हात लावताना आधी प्लग बाहेर, ही मात्र विसराळूपणाची नाही, जिवाची गोष्ट आहे.

‘जर–तर’चे वाक्य

दुसऱ्या ढिगासाठी, म्हणजे करायचे राहणाऱ्या कामांसाठी, पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली रीत सर्वांत कामाची. ‘मी अमुक करीन’ असे न ठरवता ‘तमुक घडले की मी अमुक करीन’ असे ठरवायचे. सोपे वाटते आणि म्हणूनच लोक ते ढिले करतात.

‘या आठवड्यात घरपट्टी भरायची’ हे वाक्य निकामी आहे. ‘शनिवारी जेवण झाल्यावर भरायची’ हे थोडे बरे, पण जेवण नेमके कधी ‘झाले’? बडीशेप खाल्ली तेव्हा, की हात धुतले तेव्हा? ‘शनिवारी ताट सिंकमध्ये ठेवले की तिथूनच फोन उचलून घरपट्टी भरायची’ याला धार आहे. खूण नक्की घडणारी हवी, एकाच क्षणात संपणारी हवी आणि कामाच्या जवळची हवी. ताट सिंकमध्ये ठेवणे या तिन्हीत बसते. ‘मूड आला की’ एकातही बसत नाही.

वाटेतल्या कामाला वाटेवरचीच खूण: ‘झाशी राणी चौकातून वळलो की मेडिकलच्या दुकानात.’ वाक्याच्या जोडीला वस्तूही लावा. संपलेल्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप रबरबँडने स्कूटरच्या आरशाच्या दांडीला गुंडाळा. ब्रेकच्या दांडीला कधीही नाही. गाडी सुरू करतानाच ती डोळ्यांत भरते आणि दुकानदाराला गोळीचे नावही तोंडी सांगावे लागत नाही. पदराच्या गाठीला जे जमत नव्हते ते हेच. मेट्रोने जाणाऱ्यांनी स्ट्रिप कार्डाच्या पाकिटात, कार्डाच्या पुढे ठेवावी. सीताबर्डी स्टेशनवर बाहेर पडताना कार्ड काढले की आधी तीच हातात येते.

मोबाईलचा गजर यात शेवटी येतो, पहिला नाही. गजराला नुसते ‘बँक’ असे नाव देऊ नका, ‘पासबुक बॅगेत घाल’ असे क्रियापदासह लिहा. आणि गजर अशाच वेळी लावा की वाजल्यावर ते काम तिथल्या तिथे करता येईल; मीटिंगमध्ये वाजलेला गजर बोट फिरवून गप्प केला जातो आणि काम त्याच्याबरोबर जाते. नियम: काम होईपर्यंत तो बंद करायचा नाही, पुढे ढकलायचा. रोज वाजणारे गजर तीनाहून जास्त झाले की कान त्यांना पंख्याच्या आवाजात जमा करतात.

मध्येच कोणी हाक मारली तर

हातातले काम अर्धवट सोडताना कुठे होतो याची खूण मागे टाका. भाजीत मीठ घालायच्या आधी बेल वाजली तर मिठाचे झाकण उघडे आणि चमचा त्यातच उभा. मीठ घालून झाले असेल तर झाकण बंद. घरातल्या सर्वांना हा संकेत माहीत असला की ‘मीठ घातलं होतं काय?’ या प्रश्नाचे उत्तर डब्याकडे पाहून मिळते आणि दोनदा मीठ पडत नाही. टेबलावरच्या कामात मान वर करण्याआधी तीन शब्द लिहा: ‘पुढे पान ४२.’ येणाऱ्याला दोन सेकंद थांबायला लावण्यात उद्धटपणा नाही.

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर ‘इथे कशाला आलो?’ होते, त्याबद्दल फार चिंता नको. मानसशास्त्रज्ञ रॅडवान्स्की यांच्या २०११ सालच्या प्रयोगांत दार ओलांडल्यावर विसरणे वाढलेले दिसले होते. २०२१ मधल्या एका अभ्यासात मात्र ते डोक्यात दुसरे काम चालू असतानाच दिसले. जाताना वस्तूचे नाव पुटपुटत जा: ‘कात्री, कात्री.’ बस.

गोळ्या

इथे चूक महाग पडते म्हणून सवयीवर नाही, डब्यावर विसंबा. सात दिवसांचा, सकाळ-संध्याकाळ असे चौदा कप्पे असलेला डबा मेडिकलमध्ये मिळतो. रविवारी सकाळी, एकाच वेळी, चिठ्ठी समोर ठेवून भरायचा. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली. डबा रोज हमखास हाताला लागणाऱ्या वस्तूजवळ ठेवा, पण ओट्याच्या वाफेत, बाथरूममध्ये आणि लहान मुलांच्या हाताला लागेल असा नको. काही गोळ्या मूळ वेष्टनातून काढून ठेवायच्या नसतात. भरण्याआधी दुकानदाराला विचारून घ्या. घेतली की नाही अशी शंका आली तर ‘असू दे, अजून एक घेतो’ हे कधीही नाही, विशेषतः रक्तदाब, मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत. डॉक्टरांना फोन करा.

किती दिवस, किती सवयी

एका वेळी एकच. उत्साहाच्या भरात सोमवारी पाच नियम भिंतीवर लागतात आणि पुढच्या सोमवारी ती भिंत कोणी वाचत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ९६ जणांनी भाग घेतला होता. सवय आपोआप घडू लागायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत अंतर केवढे, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. त्यातली दिलासा देणारी बाब ही की एखादा दिवस चुकल्याने घडणीत विशेष फरक पडला नाही. म्हणजे ‘एकवीस दिवसांत सवय’ यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होण्याचे कारण नाही, आणि चुकलेल्या दिवसाचे प्रायश्चित्तही नको. हिशेबाने साधारण दोन महिने किल्लीचे, मग दाराच्या मोजणीचे, मग शेपटाचे. नवी सवय आधीची न सांगता घडू लागल्यावरच.

झोप कमी असेल तर यातले काहीच धड बसत नाही, हेही सांगितले पाहिजे. रात्री दीडपर्यंत मोबाईल पाहणाऱ्याने खुंटी ठोकण्याआधी चार्जर बेडरूमच्या बाहेर न्यावा.

हे सवयीचे काम नाही, असे कधी समजावे

किल्ली हरवणे चालते. किल्ली कशासाठी असते याचाच गोंधळ होणे चालत नाही. वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचा वरण-भात करताना क्रम चुकणे, पैशांचे साधे व्यवहार न जमणे, आणि हे महिन्यामहिन्याने वाढत जाणे: डॉक्टरांना दाखवा. विसरणे वाढण्यामागे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, घोरण्यासह बिघडलेली झोप किंवा सर्दीच्या काही जुन्या धाटणीच्या गोळ्यांची गुंगी अशी उपचार होण्यासारखी कारणे असू शकतात. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या बाह्यरुग्ण विभागात याची तपासणी करून घेता येते. लहानपणापासूनच सगळे अर्धवट सुटत असेल, शाळेतही हेच होते असे घरचे सांगत असतील, तर लक्ष न टिकण्याच्या विकाराबद्दलही विचारा. अचानक, काही तासांत आलेला गोंधळ मात्र घाईने दवाखान्यात नेण्याचा विषय. त्यात उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलत असेल आणि अंग तापलेले असेल तर उष्माघात समजून लगेच सावलीत घ्या, अंग ओले करून वारा घाला आणि गाडी बोलवा.

ऋतू बदलला की मोडते

बसलेली सवयही नागपुरात वर्षातून तीनदा हमखास मोडते. एप्रिलमध्ये दाराच्या मोजणीत दुपट्टा, गॉगल आणि पाण्याची बाटली घुसतात आणि पाचाचे आठ होतात. जूनअखेर त्यांच्या जागी रेनकोट येतो. दिवाळीच्या साफसफाईत भिंत रंगवायला खुंटी निघते आणि ‘नंतर लावू’ म्हणून महिनाभर लागत नाही. तयारी आधीच करा. कूलर बसवायच्या दिवशीच दुपट्टा आणि गॉगल एका पिशवीत घालून ती पिशवी ‘बॅग’ या एकाच आकड्यात मोजायला सुरुवात करा, म्हणजे पाचाचे पाचच राहतात; बाटली आदल्या रात्री भरून त्याच पिशवीत. कूलर उतरवून ठेवायच्या दिवशी त्याच पिशवीतून दुपट्टा काढून रेनकोट घाला. रंगाऱ्याने खुंटी काढली तर त्याच संध्याकाळी तिथे दाराच्या कडीला दोरी बांधून किल्ली लटकवा, जागा तीच, उंची तीच, आणि रंग वाळल्यावर खुंटी परत ठोकायचे जर–तर वाक्य रंगाऱ्याच्या शेवटच्या हप्त्याला जोडा: खुंटी लागली, मग पैसे.